पिंकीची गिअरची सायकल

अहो,

तुम्ही फिरायला गेलात आणि युवराज पिंकीची गिअरची सायकल न्यायला आला. नात दगडधोंड्यांतून सायकल दामटते, म्हणून परस्पर भाच्याला देऊन टाकलीत ना? मी माहेरी गेले होते तेव्हा माझी सायकलही अशीच दिलीत. तीस वर्षं झाली. मी रडले तर म्हणालात, "पाय आहेत की, चालत जा."

पिंकी सायकल घेऊन मौला अलीच्या टेकडीवर गेलीय. थंडी फार, म्हणून तुमची माकडटोपी तिला घातली. युवराजला रिकाम्या हाती कसं पाठवायचं? तुमची स्कूटर दिली.

मी जामबागेत त्रिवेणीताईकडे आहे. न्यायला या. परेशान होऊ नका, पाय आहेत की, चालत या.