जाळायला दिलेली पानं

प्रिय ल्युबेन,

‘प्रिय’ लिहून गेले खरी, हाताची सवय. दुसरा शब्द शोधत बसले असते, तर पत्र पुढच्या वर्षी पोचलं असतं. तू मला ओळखतोसच.

यंदा आलुबुखार उदंड आलं. दारू गाळायची गावची भट्टी सुरू झालीय, परवा आमच्या घराची पाळी होती. तू नव्हतास, म्हणून जाळ मीच घातला. भट्टीवाले स्टामेनकाका सगळ्यांसमोर ओरडले, ‘अगं नेवेना, तुझा तो शहरातला साहेब कुठाय? पोतंभर कागद आणायचा, लाकडं कशी झटकन पेटायची!’ सगळे हसले, मीही हसले. काय सांगणार होते त्यांना?

वर्षभर टाकलेली माझी पानं त्या भट्टीत जाळायची, असं आपलं ठरलेलं होतं. टाकलेली म्हणजे तू नापास केलेली. मी वाचून दाखवायचे, तू सिगारेट विझवायचास आणि हळूच म्हणायचास, ‘अजून नाही जमलं गं. रडकं झालंय.’ मला तसंही स्वतःचं एक वाक्य धड वाटत नव्हतं, त्यामुळे तुझं खरं मानणं फार सोपं होतं. एकच प्रकरण मी इतक्यांदा लिहिलं, की कादंबरी कुठवर आली हे विचारणं आईनं सोडून दिलं. ती गेली तेव्हाही मी त्याच प्रकरणात होते. पोतं जाळायचं काम मात्र तू माझ्यावर टाकलं नाहीस. ‘तुला बघवणार नाही, तू आत जाऊन मिरच्या भाज,’ म्हणायचास. हा माणूस मला किती जपतो, असं वाटून मला भरून यायचं.

तुझं पुस्तक निघालं, ते मी ट्रोयान शहरातल्या पुस्तकाच्या दुकानात उभ्या उभ्याच वाचायला घेतलं. आधी हेवा वाटला. आपल्याला असं का लिहिता येत नाही, म्हणून स्वतःला चार शिव्याही दिल्या. मग दफनभूमीतली ती बाई आली. नवऱ्याच्या कबरीवर अर्धा पेला वाईन ओतते, उरलेली स्वतः पिते आणि त्याला सुनावते, ‘ही आता माझी. जन्मभर माझ्या वाट्याची तूच प्यायलास.’ माझी आई, ल्युबेन! माझ्या बाबांच्या कबरीवर! आणि हे पान तू मला रडकं म्हणून टाकायला लावलं होतंस. त्यातला एक स्वल्पविरामही तू बदलला नाहीस.

मी फोन केला, तर किती शांतपणे बोललास. ‘तू जाळायलाच दिली होतीस ना? जळणारं वाचवलं, ही चोरी कशी?’ फोन ठेवल्यावर दहा उत्तरं सुचली, नेहमीसारखी. पानं नेलीस याचा राग आहेच. पण मन फाटलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. वाईट आहे असं मला सांगताना, ते चांगलं आहे हे तुला ठाऊक होतं. मी तुझ्यावर जीव टाकत होते रे. त्सोंकामावशी तुझं पुस्तक वाचून ढसाढसा रडली आणि तिनं मलाच फैलावर घेतलं, ‘तुझ्या आईला त्यानं कसं हुबेहूब उभं केलंय बघ! आणि तू मेली नुसती खोडत बसलीस.’ त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र लिहायला बसले.

आता काम सांगते. माझी कादंबरी पुरी झाली. कबरीवरची आई तिच्यात आहे. इतक्यांदा लिहिलं होतं, की ते पान मला पाठच होतं. सोफिया शहरातल्या प्रकाशकबाई म्हणाल्या, ‘लोक तुम्हालाच चोर म्हणतील. हे तुमचंच आहे असं त्या लेखकाकडून दोन ओळी लिहून आणा, नाही तर पान काढा.’ त्या दोन ओळी मागायलाच हे पत्र लिहायला घेतलं. पण इथवर आले आणि लक्षात आलं, माझं लिहिणं माझं आहे का, हेसुद्धा मी तुलाच विचारायला निघालेय. नाही मागत. लग्नपत्रिका छापणारा आमच्या इथला छापखाना पुस्तक छापतोय, त्या पानासकट. लोक चोर म्हणतील, म्हणू देत. तुला भेटप्रत येणार नाही. वाचावंसं वाटलं तर विकत घे, आणि कसं वाटलं ते मला कळवू नकोस.

एके काळी तुझीच असलेली,
नेवेना