चिंचेने घासलेलं सिम

मंगळवार, संध्याकाळ, मल्लेश्वरम, बंगळूर

दुपारी ऑफिसमधून आईला फोनवरच सांगितलं होतं, "रेंज जात असेल तर सिमची सोनेरी बाजू पुसून बघ." मऊ, कोरड्या कापडाने, हे सांगितलं होतं का? आठवत नाही. घरी येऊन बघते तर आईने देवाच्या उपकरण्यांबरोबर सिमही चिंच-मिठाने घासलेलं, आणि ओलंच फोनमध्ये घातलेलं.

"काळवंडलं होतं. पितळ आणखी कशाने घासतात?"

"आई, ते पितळ नाही गं."

कडेने धरून पुसलं, वाळवलं, पुन्हा घातलं. सिम बंदच. नंबर अजून बाबांच्या नावावर. त्याच नंबरचं नवं सिम मागायला गेले, तर कोपऱ्यावरचे मोबाइल दुकानदार म्हणाले, "स्वल्प कष्ट, अक्का. जरा अवघड आहे. ज्यांचं नाव, त्यांनीच यायचं." बाबांना जाऊन वर्ष होत आलं. नाव बदलून घ्यायचं मीच टाळत राहिले. आणि कोरडं कापड, एवढं सांगायला काय झालं होतं?

बाबांचे मित्र वसंतकाका दर रविवारी याच नंबरवर आईशी बोलतात. म्हटलं, "त्यांना माझ्या फोनवरून कळवू. नंबर सांग."

आई म्हणाली, "तो सिममध्येच होता."