तुतीचं झाड, अर्धी भिंत आणि चालू भांडण

मी, जन्मभर लोकांना 'श्वास रोखा' म्हणत आलेला एक्स-रेवाला, आता निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. पत्नीचं मत वेगळं आहे, पण तिला विचारलेलं नाही. दबाव कोणाचाच नाही. 'कशाला लिहिताय' म्हणणारे मात्र घरात सगळेच आहेत.

कलम १. राहतं घर पत्नीला, तिच्यानंतर मुलाला. फोटोंनी भरलेली आतली खोली त्यातच आली. 'सगळे सारखेच तर आहेत' असं तिथे उभं राहून कोणी म्हणू नये. तुतीचा प्रत्येक फोटो समोरून एक, कडेने एक असा जोडीने काढलाय आणि कोपऱ्यात डावी-उजवी बाजू लिहिली आहे. उद्या झाडाचं काही दुखणं निघालं, तर ताडून बघायला जुनं काही नको का?

कलम २. कॅमेरा आणि ट्रायपॉड मुलीला. फुलामागे धरायचं काळं कापड पत्नीला, कारण आजवर ते तिनेच धरलं. प्रदर्शनासाठी डेलियाचा फोटो काढत होतो, तेव्हा कापड हलू नये म्हणून सवयीने म्हणालो, "श्वास रोखा." तेवढ्यात बेल वाजली. मी दारात गॅसवाल्याशी हुज्जत घालत बसलो आणि 'सोडा' म्हणायचं राहून गेलं. परत येऊन बघतो तर बाईसाहेब डेलियावर आडव्या! तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडून पहिलं वाक्य काय, तर "तुम्ही सोडा म्हणाला नाहीत." धन्य ती बाई. डेलियाचा चेंदामेंदा झाला आणि बक्षीस शेजाऱ्याने नेलं, तेही प्लास्टिकच्या गुलाबाचा फोटो लावून. परीक्षकांचा शेरा होता, 'दवबिंदू विशेष टवटवीत.' दव कसलं डोंबलाचं, डिंक होता तो!

कलम ३. दवाखान्यातून निवृत्तीला मिळालेला शिशाचा एप्रन, जो मी गुलाबांचे फोटो काढताना काटे टोचू नयेत म्हणून घालत असे, सूनबाईला. मोहरी तडतडते तेव्हा घालावा. जड आहे, पण चांगला आहे.

कलम ४. आता मुद्द्याचं. तुतीचं झाड आमच्या आणि शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीत उभं आहे. निम्म्या फांद्या त्याच्या दोरीवर झुकतात, तुत्या पडून त्याचे पांढरे शर्ट जांभळे होतात. म्हणून त्याने नगरपालिकेत अर्ज ठोकला. झाड तोडा असा नव्हे, अर्धं झाड माझं असा! आमच्या चिरंजीवांना मात्र झाड तोडूनच गाडी आत घ्यायची आहे. "बाबा, जागा किती अडलीये!" हे त्याचं पालुपद. आम्ही मुलीकडे गेलो असताना त्याने करवतवाले बोलावलेसुद्धा. तेव्हा शेजारी अंघोळ अर्धवट टाकून, टॉवेलवर, भिंत चढून आला आणि बुंध्याला मिठी मारून ओरडला, "अर्धं झाड माझं आहे! कुठलं अर्धं, त्याचा निकाल लागेपर्यंत पानाला हात लावाल तर याद राखा!" करवतवाले आल्या पावली परत गेले.

हे कळलं तेव्हा मला रडू आलं, खोटं कशाला लिहू. भांडण आहे म्हणून झाड आहे, हे मला त्या दिवशी समजलं. सबब घरासोबत हे भांडणही मी मुलाला देत आहे. त्याने ते मिटवू नये. दर उन्हाळ्यात शेजाऱ्याला एक खरमरीत पत्र जावं, नमुने टेबलाच्या खणात आहेत. तडजोड केल्यास घर पक्षिमित्र मंडळाला जाईल.

कलम ५. शेजाऱ्याला माझी झारी देणार होतो, प्लास्टिकच्या गुलाबाला पाणी घालायला. पण वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. म्हणून त्याला साक्षीदार केलं. झारी वाचली.

कलम ६. माझी वेळ येईल तेव्हा खाट तुतीखाली लावावी. डॉक्टर काहीही म्हणोत, 'सोडा' हा शब्द पत्नीनेच म्हणायचा. ती म्हणेपर्यंत मी सोडणार नाही. हट्ट काय तिलाच करता येतो?

स्थळ : तुतीखाली, आमच्या बाजूला.
तारीख : पहिली तुती पिकली तो रविवार. आकडा वकीलबाई घालतील.
सही : एक्स-रेवाला

साक्षीदार १ : घरच्या डॉक्टरीणबाई. सही माझ्यासमोर झाली. गृहस्थ शुद्धीवर आहेत, असं म्हणायला हरकत नाही.

साक्षीदार २ : शेजारी. सही माझ्यासमोर झाली. स्थळाबद्दल हरकत आहे, ही बाजू आमची. तो डिंक नव्हता, मध होता. भांडण मान्य. माझ्यामागे ते माझी लेक चालवेल, तिला भिंत चढायला शिकवतो आहे.