आईचा बाळकृष्ण आणि आमचा तलाव

इंदूर

ती. सौ. ताईस,

शरदचंद्राचा साष्टांग दंडवत. तुझे गुडघे, भावजींचं बीपी, बाळंतीण प्राची आणि तिचा लेक, सगळं ठीक असेलच. इथे काही ठीक नाही. बारशाला आईचा बाळकृष्ण घेऊन कधी निघताय, असं तू फोनवर तीनदा विचारलंस आणि मी तीनदा ‘आवाज येत नाहीये’ म्हणून फोन ठेवला. येत होता गं.

आईनं तो तुझ्या पहिल्या नातवासाठी राखून ठेवला होता, मला का ठाऊक नाही? पण आमच्या देवघरातही तेवढ्याच आकाराचा आणखी एक पितळी बाळकृष्ण, आणि त्याचा हात मोडला. भंगलेली मूर्ती घरात नको, निघण्याआधी विसर्जन करून या, असा अंबिकेचा हुकूम. (हिच्या हुकमावर अपील नसतं.) जवळ पाणी म्हणजे कॉलनीच्या बगिच्यातला तलाव. तलाव कसला, खोदून केलेला मोठा हौद! पण काठावर बोर्ड आहे : निर्माल्य किंवा मूर्ती टाकणाऱ्याचा फोटो इथे लावला जाईल. बगीचा समितीचा सेक्रेटरी या नात्यानं तो मीच लिहवून घेतला, मोठ्या हौसेनं.

तरी गेलो. भल्या सकाळी, तोंडाला मफलर, चष्मा घरी (म्हणजे कुणी ओळखणार नाही! अक्कल गहाण पडते ती अशी). हिनं दोन्ही बाळकृष्ण चिंचेनं घासून वेगवेगळ्या लाल फडक्यांत बांधून ठेवलेले. मी एक उचलला, हात जोडले आणि पाण्यात सोडला. तोच चौकीदाराची शिट्टी. “अरे सेक्रेटरीजी, आप?” म्हणेपर्यंत त्यानं फोटो काढलासुद्धा. नियम म्हणजे नियम, भिया, असं वर मलाच ऐकवलं! आठ वाजता मी बोर्डावर. फिरायला येणारी मंडळी आता पोह्यांच्या प्लेटा घेऊन माझ्यासमोरच उभी राहतात. तोंड लपवू म्हटलं तर ते तिथे चिकटवलेलं.

पण ताई, ती फजिती परवडली. घरी येऊन दुसरं फडकं सोडलं, तर आत हात मोडलेला बाळकृष्ण!

आईची एवढी एक वस्तू मला सांभाळता आली नाही गं. अंबिका बोलत नाही, आणि बोलेल याची जास्त भीती वाटते.

हवं तेवढं रागाव, पण बोलणं टाकू नकोस.

तुझा अभागी भाऊ,
शरद

ता. क. : बारसं वैशाखात करता येईल का? तेव्हा गाळ काढायला तलाव रिकामा करतात. सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे.

आणखी एक ता. क. : तेवढं थांबवत नसेल तर जावईबापूंना पाठव. पट्टीचे पोहणारे ना ते? फक्त बोर्ड वाचू नका म्हणावं. पोहायलाही सक्त मनाई आहे, आणि ती ओळही मीच घातलीय.