नाकातलं शिसं

घिवली,
गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

चि. मेघाली हिस,
अनेक आशीर्वाद.

मायन्यातच माझी गाडी अडली होती. सौ. लिहावं तर केदारचं नाव पाठोपाठ येतं, आणि ते आता तुला नको. म्हणून नुसतं चि. लिहिलं. चिरंजीव असायला कोणाची सही लागत नाही.

इकडे आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी ठीक. जयवंतीचे गुडघे थंडीच्या आधीच कुरकुरायला लागलेत. वाडीतल्या चिकूंना यंदा फळ बरं आहे, पण वटवाघळं आमच्या आधी चव बघून जातात. मागच्या दारी तू लावलेला गवती चहा इतका माजलाय की जयवंती रोज त्याला शिव्या देते आणि रोज त्याचाच चहा पिते.

फोन करता आला असता. पण फोनवर मला नीट बोलता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र भागीबरोबर पाठवतो आहे. ती बोईसरच्या बाजारात मासळी विकून संध्याकाळी सातपाटीला परतते, तुमच्या घरावरूनच जाते. कागदाला बोंबलांचा वास आला तर दोष तिच्या पाटीचा.

आपलं प्लास्टिकचं विमान अजून तसंच आहे. तेच, दोन पंख्यांचं, आपण गौरीच्या सुट्टीत जोडायला घेतलेलं. पांढरा रंग नीट बसला. खिडक्यांखालची लाल पट्टी आणि शेपटीवरचे आकडे तेवढे राहिलेत. बशीतल्या पाण्यात भिजवून ती चित्रं कागदावरून अलगद विमानावर सरकवायची, हे काम तुझं. परवा मी डावीकडची पट्टी लावून बघितली. घाई केली आणि ती स्वतःभोवतीच गुंडाळली गेली. जयवंती म्हणाली, "जमत नाय तर कशाला हात लावता? ती येईल तेव्हा लावील." बोलून गेली आणि मग उगाचच भांडी घासायला लागली. घासलेलीच होती.

आता रविवारच्या बैठकीचं.

सोडचिठ्ठीसाठी दोन्ही घरांची माणसं बसली, ज्याच्या त्याच्या वस्तू ज्याला त्याला गेल्या. समई, पाटल्या, कपाटाची किल्ली. आमचा केदार बडोद्याहून आला, पण मान वर करून एकदाही बघितलं नाही त्यानं. शेवटी आमच्या थोरल्या काकांनी रीतीप्रमाणे विचारलं, "काय, कोणाचं कोणाकडे काही बाकी?" तुझी आई म्हणाली, नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी "आहे" म्हटलं आणि चपला घालून बाहेर पडलो.

मागून तुझ्या आईचा, झुंबरताईंचा आवाज ऐकला मी. "आमी कोनाचा काय ठेवला नाय, व्याही. पाटल्या मोजून दिल्या." आवाज रडवेला होता. तरी मी वळलो नाही. पोरी, त्याची मला फार लाज वाटते. म्हाताऱ्यानं जाता जाता चोरीचा आळ घातला, असंच तुम्हाला वाटलं असणार. तसं नव्हतं. तुमच्याकडे आमचं काही बाकी नाही. बाकी माझ्याकडे आहे, तुमचं.

तुला आठवतं ना, मी बांधलेलं पहिलं विमान? नाकाखाली एक चाक, मागे दोन. नाकात वजन भरायचं असतं, ते मी विसरलो आणि सगळं चिकटवून रंगवून मोकळा झालो. टेबलावर ठेवलं तर वर टांगलेल्या सुक्या मासळीकडे बघणाऱ्या मांजरासारखं शेपटीवर बसलं. तू पदर तोंडात कोंबून हसलीस. लग्न होऊन पाच-सहा महिने झाले होते, आणि तू आमच्या घरात पहिल्यांदा मोकळी हसलीस. ते विमान मी मुद्दाम दुरुस्त केलं नाही. अजून तसंच बसलंय.

ह्या दुसऱ्या विमानाच्या वेळी तू माहेरी गेलीस आणि आईला विचारून आलीस. "नाक जड कराला शिसा पायजे? आमच्या जाल्याला हाय की, घेऊन जा," असं म्हणून त्यांनी जुन्या जाळ्याचं शिसं सोडवून दिलं. आपण ते पाट्यावर ठोकून चपटं केलं. जयवंतीनं पाटा तीनदा धुवून घेतला, तोही तुझ्याकडून. मग ते शिसं नाकात बसवून मी दोन्ही भाग चिकटवले.

बैठकीत काकांनी विचारलं तेव्हा मला तेच दिसलं. सगळं परत जाईल, पण हे कसं काढायचं? नाक फोडल्याशिवाय निघत नाही. आणि दहा माणसांत प्लास्टिकच्या विमानाची गोष्ट काढली असती तर म्हातारा चळला म्हणाले असते. खरं सांगू? "काही बाकी नाही" हे शब्द मला तोंडातून काढायचेच नव्हते. तेवढं म्हटलं की तू आमची कोणी राहत नाहीस.

केदार चुकला. बैठकीत हे मी बोलायला हवं होतं. बापाची जीभ अडली. माझ्या त्या "आहे"मुळे आता पुन्हा बसावं लागेल, त्या बैठकीत अडणार नाही, आणि झुंबरताईंची माफीही तिथेच, सगळ्यांदेखत मागेन.

आता शिशाचं तू ठरव. ते तुझ्या घरचं आहे. परत हवं असेल तर निरोप पाठव, बारीक करवतीनं नाक कापून भागीबरोबर पाठवतो आणि बैठकीत काही बाकी नाही म्हणतो. विमान शेपटीवर बसेल, बसू दे. त्याला जोडीदार आहेच.

नको असेल तर मी सगळ्यांसमोर सांगेन की झुंबरताईंच्या जाळ्याचं शिसं माझ्याकडे आहे आणि मी ते देत नाही. हसायचं त्यांनी हसावं.

उजवीकडची पट्टी आणि आकडे मी डब्यात जपून ठेवलेत. ती चित्रं फार दिवस ठेवली तर पाण्यात पडताच तुकडे होतात, म्हणून आपलं सांगून ठेवतो. केदार रविवारीच परत गेला. बशी टेबलावरच आहे.

झुंबरताईंना नमस्कार सांग.

तुझ्या घरचं देणं मुद्दाम न फेडलेला,
बाबा
(हे नाव आता चालत नसेल तर खोड. माझ्याच्यानं खोडवत नाही.)