मावशींचा डावा दंड

सोमवार, ३
नव्या नोकरीचा पहिला दिवस आणि मी चक्क वेळेआधी पोचले. घरी कोणाला पटणार नाही. कॅन्सर वॉर्डात केमो चालू असलेल्यांना चालवायचं, हे माझं काम. आधीच थकवा, त्यात चालायचं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना, असं सगळ्यांना वाटतं. पण नुसतं पडून राहिलं की थकवा आणखी चढतो. दंडाला धरायचं, बेताने चालवायचं, दम लागायच्या आत बसवायचं. शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांनी आल्या आल्या माझ्या एप्रनची उसवलेली बाही दाखवली. बरं होऊन नातीचा गणवेश स्वतः शिवायचाय म्हणाल्या. मला फार आवडल्या.

गुरुवार, ६
मावशी छान चालतात. चालताना गप्पाही मारतात, म्हणजे वेग बरोबर. फक्त मी उजवीकडे असते आणि त्या बोलतात डावीकडे. मी चिडवलं, की माझं तोंड बघवत नाही का. तर म्हणाल्या, तसं नाही गं, तिला वाईट वाटायला नको. मला वाटलं, औषधाची गुंगी असेल.

मंगळवार, ११
मावशींना ताप. पांढऱ्या पेशी घसरल्यात, डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितली. मी त्यांना उठवलंच नाही. तरी दुपारी घामाने निथळत होत्या, पाय सुजलेले. तू तरी बसवतेस, ती बसूच देत नाही, म्हणाल्या. मोठ्या सिस्टरना खोदून विचारलं. माझ्याआधी हे काम करणाऱ्या ताई भारी हट्टी होत्या म्हणे. त्यांना स्वतःलाच हा आजार झाला, तरी शेवटच्या दिवसापर्यंत चालत राहिल्या. पुढे सिस्टर एवढंच म्हणाल्या, आपण बरं, आपलं काम बरं.

गुरुवार, १३
डॉक्टर म्हणतात, अशाच दमत राहिल्या तर हातच्या जातील. दुपारी दार लावून उशाशी बसले. मावशी डोळे मिटूनच उठल्या. डावा दंड वर ओढलेला, त्यावर बोटांचे वळ. मी धरून बसवलं. पुन्हा उठल्या. सोड, सोड म्हणून रडत होत्या— मला नाही. मला भयंकर भीती वाटतेय.

शुक्रवार
मावशींचे ओठ निळे पडले होते. मला बघवेना. रिकाम्या जागेला म्हटलं, यांना सोड, मी चालते तुझ्याबरोबर.
मावशी आडव्या झाल्या. शांत झोपल्या.
माझ्या दंडाला गार बोटं—
मोठ्या सिस्टरना हाक मारली. त्यांनी माझ्या डावीकडे पाहिलं आणि मान खाली घालून वाट दिली.

शनिवार असावा
मावशी जेवल्या. जाता जाता काचेतून दिसल्या. बरं झालं.
पाय सुजलेत. भिंतीला टेकून लिहावं म्हटलं, तर— थांबू देत नाही. चालता चालताच— आई, मला जरा बसू—