यंत्रमानवाचा हात कुठे गेला?

ती. मामांना, माझी कंबर परवानगी देईल तितकं वाकून नमस्कार.

गुडघा काय म्हणतो? मामींनी साखरेचा डबा लपवला असेलच (आणि तुम्हाला तो सापडला असेलच). आम्ही ठीक. फक्त तुमची नात माझ्याशी बोलत नाही, आणि त्याला जबाबदार तुम्ही आहात.

त्याचं असं झालं. लहानपणी तुम्ही मला एकहाती यंत्रमानवाचा सिनेमा दाखवला होता ना, त्याच्या आधीची कथा सांगणारा नवा सिनेमा आलाय. हात कसा गेला ते म्हणे यात कळणार. मी लेकीला ऐटीत सांगितलं, मला माहीत आहे! यानाचं दार मिटत होतं, पलीकडे एक मुलगी अडकलेली. त्याने फटीत हात घातला, खांद्यापासून स्वतःच काढून तिथेच ठेवला आणि मदत आणायला धावला. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. (तिची आई म्हणाली, असलं काही जुन्या सिनेमात नव्हतं. मी तिला वेड्यात काढलं.)

मग आम्ही गेलो. ग्रह फुटले, सूर्य फुटले, एक समुद्र उभा राहून फुटला. डोळे दिपले, कान बधिर झाले, पण कोण कुणाशी कशासाठी भांडतंय ते शेजारच्या गृहस्थांनाही कळेना, आणि ते तर दुसऱ्यांदा आले होते! हात असाच कुठल्याशा धुरात गेला. यंत्रमानव एकाच हातानिशी चालताना दिसला, तेव्हा आम्हाला कळलं. लेक भर अंधारात ओरडली, "बाबा, दार कुठाय? मुलगी कुठाय?" मागच्या रांगेने दटावलं. मी तरीही शेवटची नावं सरेपर्यंत दाराची वाट पाहत बसलो.

घरी येताना डोक्यात प्रकाश पडला. लहानपणी तुमच्याबरोबर तो सिनेमा पाहताना मध्येच रीळ तुटलं होतं, पडदा पांढरा झाला, मी भोकाड पसरलं, आणि मला गप्प करायला तुम्ही ती गोष्ट कानात सांगितलीत. मामा, शपथेवर सांगतो, ते दार मला अजून दिसतं. या लोकांना एवढे संगणक लावून एक दार दाखवता आलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं.

लेकीला सगळं सांगितलं, तर म्हणते, "म्हणजे तू थाप मारलीस." तेव्हापासून अबोला.

तुमचा,
भोंगा

ता. क. गोष्ट तुमची आहे, एवढं तिला फोनवर सांगा. माझी अब्रू वाचेल.

आणखी ता. क. फोन राहू द्या. लेकीने मागे उभं राहून हे पत्र वाचलं. तिचं म्हणणं, मामाआजोबांचंच खरं, सिनेमावाले चुकले. पण तुमची गोष्ट तो मदत आणायला धावला इथवर आली, तेवढ्यात रीळ जोडलं गेलं आणि ती तिथेच राहिली. तो मदत घेऊन परत आला का, हे तिला विचारायचंय (आणि मलाही). तुम्हीच या आणि सांगा. तोवर ती खोलीचं दार लावू देत नाहीये. फटीत माझी छत्री अडकवून ठेवली आहे.